जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार

बंगळूरच्या पश्चिमेकडील राजाजीनगर ही वसाहत चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखली जाते. कारखाने आणि त्यांत काम करणाऱ्यांची घरे शेजारी शेजारी असावीत, अशा कल्पनेने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत ती वाढीस लागली. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचा कारखानाही याच औद्योगिक भागात होता. त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके वाटू नये. अशा वसाहतीतील एखाद्या जुन्या घराच्या जिन्याखाली ताडपत्रीने झाकलेली मोटारसायकल दिसली, तर ती म्हैसूरची असण्याचा संभव बराच असतो.

म्हैसूरची म्हणजे 'जावा' किंवा 'येझडी'. जावा हे मूळचे चेकोस्लोव्हाकियातील यंत्र. यानेचेक या उद्योजकाचे नाव आणि वांडरर ही जर्मन कंपनी यांची आद्याक्षरे जोडून १९२९ साली हे नाव तयार झाले. म्हैसूर येथे आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यात १९६१ पासून तिचे उत्पादन होऊ लागले. त्या वेळचे म्हैसूरचे राज्यपाल जयचामराज वडियार यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले होते. बंगळूरमधील ज्या जे. सी. रोडवर आज जुन्या वाहनांचे सुटे भाग शोधीत लोक हिंडतात, तो रस्ताही त्यांच्याच नावाचा आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत 'जावा' हे नाव जाऊन 'येझडी' हे नाव आले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. म्हणजे यांतील सर्वांत तरुण यंत्रही आता पंचविशी ओलांडून गेले आहे.

वडिलांनी वापरलेली अशी गाडी घरच्या घरी पुन्हा चालू करावयाची, तर प्रथमच एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. गाडी होती तशी करावयाची, की होती त्याहून चांगली करावयाची? हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. भारतात २०२१ साली झालेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि सांगाडा, बाह्यांग व एंजिन यांत ठळक फेरफार न केलेल्या वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. जावा नावाने निघालेल्या गाड्यांनी ही मर्यादा केव्हाच ओलांडली. १९७८ साली आलेली 'येझडी रोडकिंग' २०२८ पासून त्या पंक्तीत बसू लागेल. परंतु या नोंदणीवर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही; प्रदर्शने, मेळावे, आणि देखभाल वा इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. उलट गाडी रोज वापरावयाची असेल, तर नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि तेथे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असा फेरफार या कलमाने निषिद्ध आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. तेव्हा सांगाडा कापणे किंवा दुसऱ्या जातीचे एंजिन बसविणे हे दोन्ही वाटांनी बंदच आहे. सुधारणा करावयाच्या त्या अशा असाव्यात की, उद्या मन बदलले तर मूळचा भाग परत जागेवर बसविता यावा. काढलेला प्रत्येक भाग, तो कितीही झिजलेला असो, चिठ्ठी लावून डब्यात ठेवणे हे म्हणूनच शहाणपणाचे.

काम सुरू करण्यापूर्वी एक इशारा. पेट्रोलची भरलेली टाकी जितकी धोक्याची, त्याहून रिकामी टाकी अधिक धोक्याची असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असले की ते मिश्रण ठिणगीने पेटते, आणि 'रिकाम्या' टाकीत नेमके असेच मिश्रण असण्याचा संभव असतो. साबणाच्या गरम पाण्याने टाकी पुनःपुन्हा धुतल्यावाचून तिच्याजवळ ठिणगी वा ज्योत आणू नये. टाकीचा झाळकामाचा हट्ट तर घरी धरूच नये.

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टाकीत आतून गंज चढलेला असतो. तो काढण्याचा एक सोपा मार्ग विद्युत्‌विच्छेदनाचा आहे. टाकीत धुण्याच्या सोड्याचे पाणी भरावे. तोंडातून लोखंडी सळई अशी सोडावी की ती टाकीला कोठेही टेकणार नाही. बॅटरी भारित करण्याच्या यंत्राचे ऋण टोक टाकीला व धन टोक सळईला जोडले म्हणजे काही तासांत गंज सैल होऊन सुटू लागतो. सळई स्टेनलेस स्टीलची मात्र नसावी, कारण तीत असलेल्या क्रोमियमपासून विषारी संयुगे द्रावात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो. म्हणून हे काम उघड्या आवारातच करावे. टाकी धुऊन वाळताच पुन्हा तांबूस झाक येऊ लागते, तेव्हा लगेच आतून तेलाचा हात द्यावा.

आता एंजिनाकडे वळू, कारण खरी मेख तेथेच आहे.

जावा व येझडी यांचे एंजिन द्विधाव जातीचे, म्हणजे कारागीर ज्याला टू-स्ट्रोक म्हणतात ते आहे. सिलिंडराचा व्यास ६५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. यावरून त्याची क्षमता सुमारे २४९ घन सेंटिमीटर येते. या एंजिनात झडपा नाहीत. दट्ट्या वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या पेटीत, म्हणजे भुजादंडाच्या कोठीत, पोकळी निर्माण होऊन हवा, पेट्रोल व तेल यांचे मिश्रण आत ओढले जाते. दट्ट्या खाली येतो तेव्हा तेच मिश्रण कोठीत दाबले जाते आणि बगलेच्या मार्गाने वर सिलिंडरात जाते. म्हणजे दट्ट्याच्या वर ज्वलन आणि खाली पंपाचे काम, अशा दोन क्रिया एकाच वेळी चालू असतात. भुजादंडाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या रबरी कड्या, ज्यांना ऑइल सील म्हणतात, या पंपाच्या जणू वॉशर आहेत. सायकलच्या पंपाचा वॉशर वाळला की हवा भरली जात नाही; येथे त्याहून वाईट घडते.

गाडी वीस वर्षे उभी राहिली म्हणजे हे रबर कडक होऊन तडकते. क्लचच्या बाजूची कडी गेली तर एंजिन तिकडचे तेल ओढून घेते. सायलेन्सरांतून दाट पांढरा धूर निघतो आणि तेलाची पातळी आपोआप उतरते. हे निदान सोपे. परंतु दुसऱ्या, जनित्राच्या बाजूची कडी गेली, तर कोठीत नुसती बाहेरची हवा शिरते. धूर नाही, गळती नाही. उलट गाडी काही काळ चपळ झाल्यासारखी वाटते. इंधनाचे प्रमाण घटल्यामुळे मिश्रण अधिक तापते, आणि पेट्रोलबरोबर येणारे तेलही त्याच मानाने कमी होते. कित्येक हौशी लोक रंग, क्रोम, नवी गादी यांवर खर्च करतात आणि शंभर-दीडशे रुपयांच्या या दोन कड्या तशाच ठेवतात. मग एके दिवशी भर वेगात एंजिन आवळते आणि मागचे चाक जागच्या जागी थांबते. हा अपघात जिवावर बेतू शकतो.

आवळणे म्हणजे काय, हे आकड्यांनी पाहणे उद्बोधक होईल. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि सिलिंडर बिडाचा. ६५ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या तापमान एक अंशाने वाढल्यास सुमारे ०·००१३ मिलिमीटर फुगतो. सिलिंडराचे भोक सुमारे ०·०००७ मिलिमीटरच रुंदावते. दोघेही शंभर अंशांनी तापले, तर त्यांमधील जागा ०·०६ मिलिमीटरने कमी होते, म्हणजे जवळजवळ माणसाच्या केसाच्या जाडीइतकी. प्रत्यक्षात दट्ट्या सिलिंडरापेक्षा अधिक तापतो, म्हणून जागा आणखी आटते. सिलिंडर बोअर करून पाव मिलिमीटरने मोठा दट्ट्या बसविताना ही जागा सोडणे हेच लेथवाल्याचे खरे कौशल्य. कामाक्षीपाळ्यासारख्या शेजारच्या भागात असे कारागीर आहेत. मात्र त्यांच्याकडे नुसता सिलिंडर पाठवू नये, नवा दट्ट्याही सोबत द्यावा, म्हणजे त्या दट्ट्याच्या मापाने भोक होईल.

नव्या कड्या बसविल्यावर घट्टपणाची परीक्षा घरीच घेता येते. कार्ब्युरेटर व सायलेन्सर यांची तोंडे रबराच्या बुचांनी बंद करून हातपंपाने वातावरणीय दाबाच्या सुमारे एक तृतीयांश इतका जादा दाब आत भरावा. तो काही मिनिटे टिकला पाहिजे. टिकला नाही तर सांध्यांवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे जागा दाखवितात. भुजादंड सरळ आहे की नाही हे तपासणे मात्र घरच्या हत्यारांचे काम नव्हे.

मिश्रणाच्या बाबतीत आजच्या मालकापुढे अशी एक अडचण आहे, जी त्याच्या वडिलांपुढे नव्हती. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४·७ भाग हवा लागते. या मिश्रणाला सुमारे १३·५ भाग पुरते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. त्याचे जेट जुन्या हिशेबाने इंधन सोडीत राहते, आणि मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी सौम्य होते. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच आहे, येथील हवा विरळ आहे, आणि विरळ हवेमुळे मिश्रण चार-पाच टक्क्यांनी तीव्र होते. दोन विरुद्ध दोष अशा रीतीने काही अंशी एकमेकांना खोडतात. पण काही अंशीच. जेट एखाद्या मापाने मोठे घेणे हिताचे, आणि मुंबई वा चेन्नईकडे जाणाऱ्याने तर ते विसरूच नये.

इथेनॉल पाणी शोषून घेते, हा दुसरा त्रास. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी यांचा थर पेट्रोलपासून अलग होऊन टाकीच्या तळाशी बसतो. तेल बहुतांशी वरच्या पेट्रोलमध्ये राहते, आणि तोटी मात्र तळातून इंधन घेते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून ठेवावी. जुन्या रबरी नळ्या व बुचाच्या चकत्याही इथेनॉलने खराब होतात. त्यांच्या जागी फ्लोरीनयुक्त रबराच्या घ्याव्यात. ही सुधारणा कोणाच्या दृष्टीस पडत नाही, तरी ती सर्वांत आवश्यक होय.

दिव्यांविषयी जुन्या मालकांची तक्रार सर्वश्रुत आहे: समोरून काजवा येत असल्यासारखे दिसे. दोष दिव्याचा नव्हता, सहा व्होल्टच्या पद्धतीचा होता. समजा, दिवा ३५ वॅटचा आहे. सहा व्होल्टवर त्याला जवळजवळ सहा ॲम्पिअर प्रवाह लागतो, बारा व्होल्टवर तीन. जुन्या तारा, गंजलेले सांधे व चावी यांचा मिळून रोध एक पंचमांश ओहम धरला, तर पहिल्या बाबतीत वाटेतच १·२ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे एकूण दाबाच्या पाचवा हिस्सा. दुसऱ्या बाबतीत ०·६ व्होल्ट, म्हणजे विसावा हिस्सा. तापणाऱ्या तंतूचा प्रकाश दाबाच्या मानाने फार वेगाने घटतो. दाब पंचमांशाने उतरला तर प्रकाश निम्म्यावर येतो. यावरून दोन गोष्टी निघतात. बारा व्होल्टचे परिवर्तन उपयुक्त आहे. पण त्यात जनित्र, नियामक, बॅटरी, दिवे, भोंगा व ठिणगीचे वेटोळे हे सर्व एकदम बदलावे लागते. आणि ज्याला मूळ रूप जपावयाचे आहे, त्याने नुसत्या नव्या जाड तारा घालून प्रत्येक सांधा घासून स्वच्छ केला, तरी निम्मे काम होते. एलईडी दिव्याला प्रवाह फारच थोडा लागतो हे खरे, परंतु जुन्या परावर्तकात तो नीट झोत पाडीत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपवितो. केवळ उजेड दिसतो म्हणून तो बसविणे इष्ट नव्हे. ठिणगीसाठी जुन्या पॉइंटांऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसविली, तर घासणारा भाग राहत नाही आणि ठिणगीची वेळ झिजेबरोबर सरकत नाही.

ब्रेक उघडताना धूळ फुंकरीने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसांत गेल्यास वर्षांनंतर घातक रोग होतात. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. एंजिनची ताकद वाढविण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी एक साधा हिशेब करावा: स्वारासह दोनशे किलोग्रॅमच्या गाडीत ताशी ६० किलोमीटर वेगाने सुमारे २८ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते, ८० ला सुमारे ४९. ही सारी उष्णता त्याच जुन्या, बंद ड्रमांत जिरवावी लागते.

रंगकाम सर्वांत शेवटी करावे, आणि क्रोमचा मुलामा घरी मुळीच करू नये. त्या द्रावातील षट्‌संयुजी क्रोमियम कर्ककारक आहे. हे काम पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील मुलामागारांवर सोपवावे.

एंजिन चालू झाल्यावर पहिले काही शे किलोमीटर पूर्ण वेग टाळावा आणि चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये कण्हत ठेवू नये. पंधरा-वीस किलोमीटर झाल्यावर, एंजिन मंद गतीने फिरवीत न ठेवता चालत्या वेगातच बंद करून, प्लग काढून पाहावा. त्याचे पांढरे चिनीमातीचे टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. काळे व ओलसर असेल तर तीव्र. खडूसारखे पांढरे पडले असेल, तर गाडी पुढे न दामटता प्रथम जेट आणि मग त्या दोन कड्या पुन्हा तपासाव्यात. इथेनॉलमिश्रित इंधनाने हा रंग जुन्या पुस्तिकांत दिला आहे त्यापेक्षा थोडा फिकटच येतो.