स्वच्छ दिसणारं पाणी आणि चांगलं पाणी

घरात समुद्री टँक ठेवणारे मला हमखास एक प्रश्न विचारतात. 'पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, तरी प्रवाळ मेले कसे?' अहो, पाण्याचा दर्जा डोळ्यांना दिसतच नाही. तो मोजावा लागतो, आणि एकदा जमला की हलू द्यायचा नसतो. समुद्र अफाट असतो, तिथे बदल सावकाश होतात. आपल्या टँकमध्ये ते चार दिवसांत होतात.

साधं मिठाचं उदाहरण घ्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरच्या टँकमध्ये ७ किलो. समजा, आठवड्यात १० लिटर पाण्याची वाफ झाली. उडालं ते फक्त पाणी, मीठ तिथेच राहिलं. म्हणून ही तूट गोड्या पाण्यानंच भरायची. नवखा माणूस म्हणतो, समुद्री टँक आहे ना, मग खारं पाणी घालू! दर वेळी ३५० ग्रॅम मीठ वाढतं. चार आठवड्यांत ३५चे ४२ होतात. पाणी मात्र तसंच स्वच्छ दिसतं.

आता गोडं पाणी कुठलं घ्यायचं? नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. जुन्या पाइपमधून तांब्याचा अंश आला, तर तो प्रवाळांना आणि कोळंबीला विषच. घरच्या आरओ यंत्रावरही विसंबू नका. चव यावी म्हणून बऱ्याच यंत्रांत थोडं न गाळलेलं पाणी मिसळलेलं असतं. टीडीएस मीटर शून्याच्या जवळ दाखवायला हवा.

दुसरी गोष्ट घाणीची. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. खडकांवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. हे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणण्याची घाई नको. पुढे नायट्रेट वाढलं की लोक पाणी बदलत सुटतात. पण हिशेब बघा: १० टक्के पाणी बदललं, तर ४०चं ३६ होतं, बस. त्यापेक्षा आधी खाणं कमी करा.

तिसरी गोष्ट क्षारतेची, म्हणजे आल्कलिनिटीची. दगडी प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात, म्हणून ती रोज थोडी थोडी उतरते. ८ ते ९ डीकेएच ठीक. समजा, ती ६.५ झाली, तर एका दिवसात वर ओढू नका. दिवसाला अर्धा, फार तर एक अंश. धक्क्यानं जास्त नुकसान होतं.

आणि वीज गेली तर? पाण्याची हालचाल थांबली की आधी प्राणवायू कमी पडतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या.

एक शेवटचं. आपल्याकडे दगडी प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रात दिसले म्हणून उचलून आणायचे नाहीत. विकत घेतानाही कागदपत्रं बघून घ्या.

टँकशेजारी एक वही ठेवा. आठवड्याला तारीख, खारेपणा, क्षारता, नायट्रेट लिहा. प्रवाळ कोमेजायच्या आधी वहीतला आकडा घसरलेला दिसेल. वाचवायला वेळ मिळतो तो तेवढाच.