आरोग्य विम्याचा हप्ता व आयकरातील वजावट : कलम ८०डी

आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी आयकर अधिनियम, १९६१ मधील कलम ८०डी अन्वये स्वतः, पती वा पत्नी आणि अवलंबित अपत्ये यांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी कमाल २५,००० रुपयांची वजावट मिळते. आई-वडिलांच्या हप्त्यासाठी स्वतंत्र २५,००० रुपये असून, ते ज्येष्ठ नागरिक असल्यास ही मर्यादा ५०,००० रुपये होते. ते अवलंबित असावेत अशी अट नाही. सासू-सासरे मात्र यात येत नाहीत.

विमाच नसलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या औषधोपचाराचा खर्चही याच मर्यादेत वजा करता येतो. शहागडसारख्या गोदाकाठच्या गावी राहणाऱ्या प्राध्यापकास ही तरतूद अधिक मोलाची. परंतु खर्च रोखीने केलेला नसावा. औषधाच्या दुकानात रोख दिलेले पैसे, पावती जपून ठेवली तरी, येथे उपयोगी पडत नाहीत. रोखीची मुभा केवळ प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीस, तीही एकूण मर्यादेतील ५,००० रुपयांपर्यंतच आहे.

खरी अडचण निराळीच आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तीत ही वजावट नाही. केवळ वेतन हेच उत्पन्न असणाऱ्याने मुदतीत विवरणपत्र भरताना जुनी प्रणाली निवडली, तरच ती मिळते. एवढ्या एकाच वजावटीसाठी जुनी प्रणाली क्वचितच परवडते. गृहकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता व भविष्य निर्वाह निधी धरून दोन्हींचा हिशेब मांडावा.