‘सारखा’ या शब्दाचा चकवा

परीक्षा जवळ आली कीं घरोघर अलंकारांची घोकंपट्टी सुरू होते. ‘सारखा’ दिसला कीं उपमा, ‘जणूं’ दिसला कीं उत्प्रेक्षा. एवढें पाठ झालें म्हणजे विद्यार्थी निश्चिंत. मग अपठित उताऱ्यांत ‘पाऊस रात्रभर सारखा पडत होता’ असें वाक्य येतें आणि हा गडी ‘उपमा’ लिहून मोकळा होतो! येथें ‘सारखा’ म्हणजे अखंड. तुलना मुळींच नाहीं. आणि तुलना असली तरी तेवढ्यानें भागत नाहीं. गवय हा रानपशु गाईसारखा असतो, ही नुसती माहिती. तींत चमत्कृति नाहीं म्हणून तो अलंकार नव्हे, असें संस्कृत साहित्यशास्त्रकारांनीं केव्हांच सांगून ठेवलें आहे.

‘म्हातारीचे डोळे विहिरीसारखे खोल होते’ यांत डोळे उपमेय, विहीर उपमान, खोली हा साधारण धर्म, ही उपमा. ‘ते डोळे म्हणजे जणूं विहिरीच’ ही उत्प्रेक्षा. ‘डोळ्यांच्या विहिरी आटल्या’ हें रूपक; येथें तर खुणेचा शब्दच नाहीं, आणि गुण जातात ते बहुधा येथेंच. ‘हे डोळे नव्हेत, या विहिरी’ म्हटलें कीं झाली अपन्हुती.

उताऱ्याखालचे प्रश्न आधीं वाचावेत, मग उतारा सलग वाचावा. अलंकार विचारला असेल तेथें परत येऊन उपमेय व उपमान यांखालीं पेन्सिलीची रेघ ओढावी. दोन रेघा ओढतां येत नसतील, तर ‘सारखा’ कितीही खुणावो, उपमा लिहूं नये.