नव्या सिलिंडरचे पहिले पन्नास तास

धुळ्याजवळचं गोंदूर, शिरपूरजवळचं तांडे आणि जळगावचा विमानतळ, या तीन धावपट्ट्यांमुळे खानदेश आता वैमानिक घडवणारा मुलूख झाला आहे. जे. आर. डी. टाटा ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकले आणि १९२९ मध्ये देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवते झाले, त्या १९२८ च्या क्लबने आपली प्रशिक्षण उड्डाणं धुळ्याला आणली. तांड्याला श्री विलेपार्ले केळवणी मंडळाची अकादमी आहे. विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यात जळगाव होतं.

इथे येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचं लक्ष एका आकड्यावर असतं: २०० तास. व्यावसायिक परवान्यासाठी तेवढं उड्डाण लागतं. पण ते तास ज्याच्या जिवावर भरतात, ते इंजिन हँगरमधल्या मेकॅनिकच्या हाती असतं. आणि त्याच्या कामातला सगळ्यात नाजूक टप्पा येतो तो सिलिंडर बदलल्यावर.

सेस्ना १७२ सारख्या विमानात बहुधा लायकमिंगचं चार सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन असतं. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे. प्रत्येकाची नळी पोलादी, डोकं ॲल्युमिनियमचं, बाहेरून पातळ पात्यांची उतरंड. नवा बोअर, म्हणजे नळीची आतली पोकळी, लांबून आरशासारखा वाटतो. उजेडात तिरका धरला, की आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. ही जाळी होनिंग करताना, म्हणजे भिंत घासून मापात आणताना, मुद्दाम पाडलेली असते. रेघांच्या खोलात तेल टिकतं आणि त्यांचे उंचवटे पिस्टनच्या रिंगांशी घासून झिजतात. रिंग आणि भिंत एकमेकींच्या मापाची होईपर्यंत हे घासणं चालतं. मेकॅनिकच्या भाषेत, रिंगा बसतात.

नवी मोटारसायकल घेतली की घरातलं मोठं माणूस बजावतं, पहिले काही दिवस चाळीसच्या वर नेऊ नको. विमानाच्या इंजिनाला हा नियम उलटा लागतो. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः तिच्यामागे शिरणाऱ्या ज्वलनाच्या वायूंनी. इंजिन हळू चालवलं तर तो दाब कमी पडतो. मग मधला तेलाचा थर घासून निघत नाही, उष्णतेने भाजून भिंतीवर चकचकीत, कडक लेप होऊन बसतो. एकदा हा लेप धरला की रिंग त्यावरून नुसती घसरते, इंजिन तेल खायला लागतं, प्लग काळे होतात. उपाय एकच: सिलिंडर पुन्हा उतरवायचा, पुन्हा होनिंग, पुन्हा नव्या रिंगा.

म्हणून लायकमिंगची शिस्त अशी: जमिनीवरची चाचणी थोडक्यात उरकायची. उड्डाणात पहिला तास ७५ टक्के ताकद, दुसऱ्या तासात ६५ ते ७५ टक्क्यांत आलटून पालटून. चढाई सौम्य, नाक फार वर नाही, म्हणजे पात्यांमधून वारा खेळतो. उतरताना इंजिन एकदम मोकळं सोडायचं नाही. बहुतेक इंजिनांत तेलही साधं खनिज, कारण चांगल्या तेलातली मिश्रणं आवश्यक ती झीजच होऊ देत नाहीत. हे तेल ५० तास, किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत.

खानदेशात या शिस्तीला उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवरच्या धावपट्टीवर हवा साडेचार हजार फुटांवर असावी तशी विरळ होते. ताकद घटते आणि थंड करणारा वाराही तापलेला. सिलिंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा सुमारे २६० अंश सेल्सिअस असली, तरी आयुष्य हवं तर २२५ च्या आत राहिलेलं बरं. म्हणून असं उड्डाण दिवस उजाडतानाच घ्यावं.

खरी अडचण मात्र वेळापत्रकाची. प्रशिक्षणाचं विमान दिवसभर धावपट्टीभोवती घिरट्या घालतं: उड, वळ, इंजिन मोकळं सोडून उतर, पुन्हा उड. नव्या सिलिंडरला याहून वाईट खुराक नाही. त्याला हवी सलग, दमदार दौड. धुळ्याहून पारोळा-एरंडोलच्या बाजूने बोरी, गिरणा ओलांडून जळगाव हवेतून साधारण ८० किलोमीटर. जाऊन-येऊन तासाभराचं काम. अनुभवी प्रशिक्षकाने अशा दोन फेऱ्या मारल्या, की रिंगांचं बरंचसं काम होतं.

पुढचा हिशेब तेलाच्या पट्टीवर. दर उड्डाणानंतर पट्टी पुसून, बुडवून, वाचून वहीत आकडा लिहायचा. १८० अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला सुमारे अर्ध्या लिटरपर्यंत खप चालतो. निरोगी इंजिन त्याहून पुष्कळ कमी खातं. सुरुवातीला तेल भराभर उतरतं, मग उतरण मंदावते, मग आकडा एका जागी थांबतो. तो थांबला की रिंगा बसल्या. तेल बदलताना फिल्टर कापून आत धातूचे कण पाहायचे, आणि ८० पौंडांचा दाब देऊन सिलिंडर त्यातला किती धरतो तेही तपासायचं.

विद्यार्थ्यांची रांग लागलेली असताना एक विमान घिरट्यांपासून दूर ठेवणं कुठल्याही संस्थेला जड जातं. तरी ते ठेवावं. सिलिंडर बदललेल्या विमानाचे सुरुवातीचे तास लांब पल्ल्याच्या उड्डाणांनाच द्यावेत, आणि ते फळ्यावर लिहून टाकावं. विद्यार्थ्यांनीही तेलाच्या पट्टीचा आकडा अंदाजाने भरू नये. इंजिनाची खरी तब्येत सगळ्यात आधी तिथेच कळते.