उष्णतेची परतफेड



भाषेच्या अध्यापकाने यंत्राविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ‘उष्णता-पंप’ ह्या शब्दातच आजच्या विषयाचे मर्म आहे. पंप पाणी निर्माण करीत नाही, खालचे पाणी वर चढवितो. उष्णता-पंपही मुख्यतः हेच करतो : गार जागेतली उष्णता उष्ण जागेत नेऊन ठेवतो.

धुणे व वाळविणे एकाच पिंपात उरकणारी यंत्रे जुनीच आहेत. त्यांना उष्णता-पंपाची जोड देणारे यंत्र जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने २००५ साली बाजारात आणले. अमेरिकेत मोठ्या आकाराची यंत्रे २०२३ पासून दिसू लागली.

ही जोड का हवी? पाच किलो सुती कपडे यंत्राने पिळल्यावरही सुमारे अडीच लिटर पाणी धरून ठेवतात. त्याची वाफ करण्यास सुमारे १.७ युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि ती वाफेतच अप्रकट उष्णता म्हणून दडून राहते. जुन्या यंत्रांत विजेच्या तारेने हवा तापवीत, आणि वाफेचे पाणी करण्यासाठी बहुधा नळाचे गार पाणी सोडीत. ते पाणी सगळी उष्णता घेऊन मोरीत जाई. वीजही गेली, पाणीही गेले!

नव्या यंत्रात हवा बंद चक्रात फिरते. पिंपातली दमट हवा प्रथम गार नळ्यांच्या जाळीवरून जाते. गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, तसे बाष्प तेथे जमून निथळते. त्याने सोडलेली उष्णता नळ्यांतील द्रव शोषून घेतो व स्वतः वायुरूप होतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून अधिक तापवितो, आणि दुसऱ्या जाळीत तो आपली उष्णता त्याच, आता कोरड्या झालेल्या, हवेला परत देतो. पावसाळ्यात आपले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, ते मुख्यतः हवा बाष्पाने आधीच भरलेली असते म्हणून. येथे हवा प्रत्येक फेरीत रिकामी होऊन येते. ती विशेष तापवावी लागत नाही. कापड कमी होरपळते, वेळ मात्र अधिक लागतो.

कल्पना काही आजची नव्हे. ऑस्ट्रियात पेटर फॉन रिटिंगर ह्यांनी १८५६ च्या सुमारास मिठाचे पाणी आटविताना वाफेतली उष्णता अशीच परत वापरली होती.

रचनाकाराची खरी परीक्षा पुढे आहे. पिळताना पिंप स्प्रिंगांवर थरथरत असते; उष्णता-पंपाच्या तांब्याच्या नळ्यांना तो हादरा सोसणार नाही. म्हणून पंप सांगाड्याला घट्ट बसवितात, आणि दोहोंमध्ये हवेसाठी रबराचा घडीदार, लवचिक मार्ग ठेवतात. शिवाय कपडे वाळताना मोकळे उसळावे लागतात. त्यामुळे पिंपभर धुतलेले कपडे एका वेळी वाळत नाहीत.

सर्वांत चिवट शत्रू मात्र कापडाचा तंतुकचरा! जाळीतून निसटलेला बारीक तंतू ओल्या नळ्यांवर लगद्यासारखा चिकटतो, हवा अडते, आणि वाळण्याचा वेळ लांबत जातो. काही यंत्रे जमलेलेच पाणी त्या नळ्यांवर सोडून त्या धुऊन काढतात. तरीही हवेच्या वाटेवरची गाळणी घरच्या माणसाने वरचेवर साफ करावीच लागते.