डावी मांडी की उजवी?

‘जास्त दंगा केलास तर डॉक्टरकाका सुई टोचतील.’ मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही धमकी. पाच वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह निघाला, की त्या घरात ती त्याच दिवशी बंद व्हायला हवी. आता या मुलाला बहुधा दिवसातून चार वेळा इंजेक्शन घ्यायचं आहे, आणि तेही आई-बाबांच्या हातून. या वयात मुलं कुठल्याही गोष्टीचं कारण स्वतःच्या वागण्यात शोधतात. आपण वाईट वागलो म्हणून आई टोचते, असं एकदा मनात बसलं की ते निघता निघत नाही. आजीला, शेजारच्या काकूंना, बालवाडीच्या बाईंनाही हे नीट सांगून ठेवावं.

आणि मुलाला खरं सांगावं. ‘तुझ्या पोटात इन्सुलिन नावाचं एक औषध आपोआप तयार व्हायचं. ते आता तयार होत नाही, म्हणून आपण बाहेरून देतो. यात तुझी काही चूक नाही.’ एवढं पुरतं. आईचीही चूक नसते, हे मात्र घरातल्या मोठ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. गोड खाल्ल्याने किंवा गरोदरपणात आईने काही खाल्ल्याने हा आजार होत नाही. शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं फार काळ जगत नसत. म्हणून इन्सुलिनला पर्याय नाही. उपचार सुरू झाल्यावर काही आठवडे किंवा महिने बऱ्याच मुलांची इन्सुलिनची गरज एकदम कमी होते. डॉक्टर त्याला ‘हनिमून’ काळ म्हणतात. नेमका याच वेळी कुणीतरी काढा किंवा चूर्ण सुचवतं, त्याचाच गुण आला असं घरच्यांना वाटतं आणि इन्सुलिन बंद होतं. मग मूल अतिदक्षता विभागात पोहोचतं. हे लिहिताना माझ्या शब्दांत राग उतरत असेल तर उतरू दे.

आता मुलाच्या वाट्याकडे येऊ. ‘स्वतःचं स्वतः करायला शिकव’ असा सल्ला पालकांना सगळीकडून मिळतो. मला तो अर्धाच पटतो. मुलाला कामात वाटा द्यायचा, जबाबदारी नाही. तपासणीसाठी बोट कुठलं, इंजेक्शनसाठी मांडी डावी की उजवी, पट्टी कुणी लावायची हे मुलाने ठरवावं. इंजेक्शन द्यायचं की नाही आणि किती युनिट द्यायचं हे मोठ्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. म्हणून ‘इंजेक्शन घेऊया का?’ असं विचारूच नये. मूल ‘नाही’ म्हणणार, आणि तरीही आपल्याला ते द्यावंच लागणार. जे उत्तर आपण पाळू शकत नाही ते मागितलं, तर पुढच्या वेळी आपल्या विचारण्याला किंमत उरत नाही.

सकाळच्या नाश्त्याआधीची पाच-सात मिनिटं जवळून पाहिली, तर त्यात मुलासाठी किती काम आहे ते कळतं. आधी साबणाने हात धुऊन कोरडे करायचे. बोटाला आंब्याचा रस किंवा गूळ लागलेला असेल, तर साखर मोजायचा मीटर खोटा आकडा दाखवतो, आणि हे मुलांना फार मजेशीर वाटतं. मग स्ट्रिप मीटरमध्ये खोचायची. तीन-चार वर्षांच्या मुलालाही ते जमतं. टोचायचं बोटाच्या टोकाच्या कडेला. मधोमध जास्त दुखतं. लॅन्सेटचं, म्हणजे बोट टोचायच्या साधनाचं, बटण कुणी दाबायचं हे मुलाच्या तयारीवर सोडावं. काही मुलं पाचव्या वर्षीच ‘मी दाबणार’ म्हणतात, काही आठव्या वर्षीही नको म्हणतात. दोन्ही ठीक. मग इन्सुलिनच्या पेनला नवी सुई लावून दोन युनिट हवेत सोडायचे. सुईच्या टोकाशी थेंब आला, म्हणजे पेन नीट चालतं आहे. तो थेंब बघायचं काम मुलाचं. डोसचा आकडा मोठ्यांनी सांगायचा, मुलाने पेन फिरवत टिकटिक मोजायची आणि खिडकीतला आकडा मोठ्याने वाचायचा. मोठ्यांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा बघायचा, रोज, न चुकता. इन्सुलिन गेलं की सुई लगेच काढायची नाही, दहापर्यंत मोजायचं. ते दहा अंक मुलाच्या मालकीचे. नंतर सुई पुन्हा टोपण घालून इकडेतिकडे ठेवायची नाही, जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात टाकायची, आणि हे काम मोठ्यांचं.

जागेच्या निवडीत एक अडचण येते. एकाच ठिकाणी वारंवार टोचलं, की तिथे चरबीची गाठ होते. गाठीवर कमी दुखत असल्याने मूल नेमकी तीच जागा मागतं, पण तिथून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी जास्त. यावर घरच्या घरी करता येण्यासारखा सोपा उपाय आहे. कागदावर माणसाची आकृती काढायची, पोट, मांड्या, दंड, कुल्हे दाखवायचे आणि जिथे इंजेक्शन झालं तिथे मुलाने आईच्या पाकिटातली टिकली चिकटवायची. कुठे जागा मोकळी आहे ते मुलालाच दिसतं. नवं पेन उघडलं, की त्यावर तारीख लिहायचं कामही पहिली-दुसरीतल्या मुलाला द्यावं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत राहतं, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वापरातलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते थंड जागीच हवं. फ्रिज नसेल तिथे मातीच्या मडक्यात ठेवतात, आणि ते चांगलं काम देतं.

सगळ्यांत आधी शिकवायची गोष्ट मात्र सुईची नाही. शुगर लो झाली, की सांगायला यायला हवं. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, भूक लागते, मूल चिडतं किंवा एकदम गप्प होतं. लहान मूल त्याला स्वतःचं नाव देतं, ‘पाय मऊ झाले’ किंवा ‘पोटात गुरगुरतंय’. ते नाव घरातल्या आणि वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं. मोठ्यांना अशा वेळी १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, सांगतात. लहान मुलाला वजनाच्या किलोमागे ०.३ ग्रॅम पुरते. वीस किलोच्या मुलाला सहा ग्रॅम, चहाचा साधारण सव्वा चमचा, पाण्यात ढवळून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते, म्हणून अशा वेळी ते कामाचं नाही. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि तडक रुग्णालय गाठायचं. घरात किंवा शाळेत ग्लुकॅगॉन हे साखर वाढवणारं औषध ठेवलेलं असेल तर डॉक्टरांनी शिकवलेल्या पद्धतीने ते द्यायचं. ‘मला लो वाटतंय’ असं मुलाने सांगितलं आणि मीटरवर ११० आले, तरी रागावू नये. खेळ सोडून येऊन त्याने सांगितलं, याचं कौतुक करावं.

आकड्यांच्या बाबतीत आपल्या घरांना मार्कांची सवय आड येते. २८० दिसले की पहिला प्रश्न, ‘काय खाल्लंस?’ अशा दोन-तीन उलटतपासण्या झाल्या की मूल आकडा लपवायला, मग खोटा सांगायला शिकतं. आणि साखर फक्त खाण्याने वाढत नाही. ताप, सर्दी, परीक्षेची धास्ती, वाढीचं वय, कशानेही वाढते. आकडा कळला की पुढे काय करायचं तेवढंच बोलावं. खाण्याचंही तसंच. एका मध्यम फुलक्यात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात, हे सात-आठ वर्षांचं मूल सहज लक्षात ठेवतं. गणपतीत मोदक कायमचा बंद केला, तर तो देवघरामागे लपून खाल्ला जातो. आधी विचारायचं, मग इन्सुलिन, मग मोदक, हा क्रम मुलाला समजला, तर लपायचं कारण उरत नाही.

लवकर स्वावलंबी झालेल्या मुलाचं उदाहरण म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचं नाव अनेकदा घेतलं जातं. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये वाढलेल्या या मुलीला सातव्या वर्षी मधुमेह निघाला आणि ती स्वतःचं इंजेक्शन स्वतः घ्यायला शिकली. त्या काळी काचेची सिरिंज उकळावी लागे, त्यासाठी ती खुर्चीवर चढून शेगडीपाशी पोहोचायची. पण यामागचं कारण त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिलं आहे. वडिलांचे हात थरथरत, आणि इंजेक्शन कुणी द्यायचं यावरून आई-वडील भांडत. ते भांडण थांबावं म्हणून त्या लहानगीने सुई हातात घेतली. तिच्या धैर्याला मी मनापासून नमस्कार करते. तरी सात वर्षांच्या दुसऱ्या कुठल्याही मुलावर तशी वेळ येऊ नये, असंच ती गोष्ट वाचून वाटतं. साधारण दहा-बारा वर्षांची मुलं देखरेखीखाली स्वतः इंजेक्शन घेऊ शकतात. पण हात सफाईने चालतो म्हणून मुलाला हिशेब आणि अंदाजही जमतो असं नाही. खरी घसरण होते ती किशोरवयात, ‘आता त्याला सगळं कळतं’ म्हणून पालक बाजूला होतात तेव्हा. रात्री दोन वाजता उठून साखर तपासणं तर कुठल्याच वयाच्या मुलाचं काम नव्हे.

शाळेशी बोलताना हातात कागद असलेला बरा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७मध्ये टाइप १ मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी सोबत ठेवायची मुभा दिली. २०२३मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना लिहिलं, की या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळचं खाऊ द्यावं. ही पत्रं मुख्याध्यापकांपर्यंत पालकांनाच न्यावी लागतात. वर्गशिक्षिकेच्या टेबलात ग्लुकोजची डबी आणि आई-बाबांचे फोन नंबर असावेत, आणि लो झालेल्या मुलाला एकट्याने जिना उतरायला लावू नये. मूल तयार असेल तर त्याने मीटर वर्गात दाखवावं, तयार नसेल तर आग्रह नको.

आणि डॉक्टरांकडे जाताना मुलाचा एक प्रश्न त्याच्याच हस्ताक्षरात वहीत लिहून न्यावा. ‘सहलीला पोहायचं आहे, आधी काय खाऊ?’, ‘पोटाऐवजी दंडावर चालेल?’ असा कुठलाही. तपासणीच्या खोलीत पहिल्यांदा तो विचारू द्यावा, आणि डॉक्टर मुलाकडे बघून उत्तर देत असताना आपण मध्ये बोलू नये.