वास्तुचित्रातील वातावरण : गणित आणि विधान

‘इमारत उभी आहे’, ‘इमारत उभी राहावी’ आणि ‘जागा मिळाली असती तर इमारत उभी राहिली असती’ या तीन वाक्यांत वस्तू एकच असली तरी बोलणाराचा अभिप्राय भिन्न आहे. हा भेद क्रियापदाच्या रूपावरून कळतो. व्याकरणात त्यास अनुक्रमे स्वार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ म्हणतात. चित्राला क्रियापद नसते. तथापि वास्तुशिल्पज्ञाच्या जुन्या रेखाचित्रात या उणिवेची भरपाई रेषा करीत असे. निसर्गात वस्तूंना काळ्या रेषेची कड नसते. म्हणून रेखाटलेली इमारत पाहताच ती अद्याप संकल्पित आहे, हे पाहणारास आपोआप उमगे. संगणकावरील त्रिमितीय रेंडरिंगने तयार होणाऱ्या आजच्या वातावरणयुक्त वास्तुचित्रातून ही खूण नाहीशी झाली आहे. असे चित्र कसे सिद्ध होते आणि त्यामुळे कोणता प्रश्न उद्भवतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठीत ‘वातावरण’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक, पृथ्वीभोवतीची हवा. दुसरा, एखाद्या स्थळी मनावर होणारा एकंदर परिणाम. वास्तुचित्रकाराचे कौशल्य पहिल्यातून दुसरे निर्माण करण्यात असते, आणि हे कौशल्य संगणकाहून पुष्कळ जुने आहे. जॉन सोन याने रचलेल्या बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीचे जोसेफ गँडी याने काढलेले विहंगम दृश्य १८३० मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत प्रदर्शित झाले. त्यात छपरे काढून अंतर्भाग उघडा दाखविला असल्याने ती वास्तू भग्नावशेषासारखी भासते. पुढे न्यूयॉर्कमध्ये १९१६ च्या नियमांनी उंच इमारतींचे वरचे भाग मागे घेणे आवश्यक केले, तेव्हा त्या नियमांत कोणते आकार संभवतात हे ह्यू फेरिस याने १९२२ मध्ये कोळशाच्या चित्रांनी दाखविले. त्याचा ‘द मेट्रोपोलिस ऑफ टुमॉरो’ हा ग्रंथ १९२९ मध्ये निघाला. फेरिसच्या चित्रांतील काळोख व धूसरपणा यांना एक प्रामाणिक कारण होते. केवळ आकारमान ठरले होते. खिडक्या, दगड, नक्षी यांचा निर्णय झालेला नव्हता. जे अनिश्चित, ते धूसर, असा तो न्याय होता.

संगणकाचा मार्ग याच्या उलट दिशेने जातो. तेथे प्रथम सर्व काही निश्चित करावे लागते : प्रत्येक पृष्ठाचे आकार व स्थान, प्रत्येक पदार्थाचे परावर्तन, प्रकाशाचे उगम आणि कॅमेऱ्याची जागा. त्यानंतर प्रकाशाचे गणित सुरू होते. या गणिताचे सर्वसामान्य सूत्र जेम्स काजिया याने १९८६ मध्ये मांडले. एखाद्या बिंदूतून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे त्या बिंदूचा स्वतःचा प्रकाश, अधिक सर्व दिशांनी त्यावर पडून परावर्तित झालेला प्रकाश. परंतु त्यावर पडणारा प्रकाशही इतर बिंदूंकडूनच आलेला असतो. म्हणजे अज्ञात राशी समीकरणाच्या दोन्ही बाजूंस येते. म्हणून यदृच्छेने निवडलेल्या असंख्य किरणांचा माग घेऊन सरासरी काढतात. चित्रातील कणीदारपणा निम्मा करावयाचा, तर किरणांची संख्या चौपट करावी लागते.

मात्र या सूत्रात दोन पृष्ठांमधील अवकाश रिकामा मानलेला आहे. त्यामुळे दूरची भिंतही जवळच्या भिंतीइतकीच रेखीव दिसते आणि पाहणारास मेजावरील नमुना पाहत असल्याचा भास होतो. हा दोष घालविण्यासाठी हवेचाही हिशेब घ्यावा लागतो. हवेतून जाताना काही प्रकाश शोषला जातो, काही मार्गाबाहेर विखुरतो, आणि अन्य दिशांचा काही प्रकाश विखुरून दृष्टिरेषेत येतो. पहिल्या दोन क्रियांनी वस्तू मंद होते. तिसरीने तिच्यावर फिकट पडदा चढतो. हवेचे रेणू अतिसूक्ष्म असल्याने त्यांचे विकिरण तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हे रॅले याने १८७१ मध्ये दाखविले. म्हणून निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो व दूरचे डोंगर निळसर दिसतात. धुक्याचे थेंब त्या मानाने फार मोठे. त्यांच्यामुळे पडदा पांढरा होतो आणि बहुतेक प्रकाश पुढच्याच दिशेला विखुरतो. या दिशाभेदासाठी रेंडरिंगमध्ये वापरले जाणारे एक सूत्र हेन्ये व ग्रीनस्टाइन या ज्योतिर्विदांनी १९४१ मध्ये ताऱ्यांमधील धुळीसाठी रचले होते. सूर्य इमारतीच्या मागे ठेवला की धुके का उजळते, याचे उत्तर याच पुरोगामी विकिरणात आहे.

आता आकडे पाहू जाता मूळ प्रश्न स्पष्ट होतो. दृश्यता व प्रकाशाचा ऱ्हास यांचा कोशमीडर याने १९२४ मध्ये मांडलेला संबंध घेतला, तर दृश्यता २० किलोमीटर असताना ५०० मीटरांवरील मनोऱ्याकडून निघालेल्या प्रकाशापैकी सुमारे ९१ टक्के प्रकाश थेट डोळ्यापर्यंत पोचतो. दृश्यता २ किलोमीटर धरली, तर तेच प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांवर येते. मनोऱ्याची एक वीटही बदललेली नाही. परंतु दुसऱ्या चित्रात त्याचा बोजडपणा आकाशात विरून जातो. दोन्ही चित्रांतील गणित निर्दोष आहे. फेरिसचे धुके न ठरलेल्या गोष्टींवर होते. येथे ते पूर्णपणे ठरलेल्या गोष्टीवर पसरते. आपल्या घरासमोर हा मनोरा चालेल काय, असे ज्या नागरिकास विचारले जाते, त्याच्यापुढे मात्र यांपैकी एकच चित्र येते, आणि तेही छायाचित्राच्या, म्हणजे स्वार्थाच्या, रूपात. हवेचा एक आकडा निवडणे हे अशा वेळी एक विधान ठरते.

यावर वातावरण वर्ज्य करणे हा उपाय नव्हे. निर्वात चित्रही तितकेच अवास्तव असते. लंडन महानगराच्या २०१२ च्या दृश्यविषयक मार्गदर्शिकेत अधिक विवेकी मार्ग आढळतो. तेथे प्रस्तावित इमारतीच्या अचूक दृश्यचित्रांच्या चढत्या पायऱ्या सांगितल्या आहेत : स्थान व आकारमान, त्यानंतर इमारतीचा किती भाग दिसेल ते, पुढे वास्तुरूप, आणि अखेरीस बांधकामाचे पदार्थ. चित्र कोणत्या पायरीचे आहे हे कळले, की ते कशाची ग्वाही देते आणि कशाची देत नाही, हेही कळते. याच न्यायाने प्रत्येक वातावरणयुक्त चित्राखाली कॅमेऱ्याची जागा, दृष्टिकोनाचे अंश, तारीख, वेळ व गृहीत दृश्यता ही पाच नोंदी असाव्यात. अक्षांश-रेखांश, तारीख व वेळ दिली, की सूर्याचे स्थान कोणालाही पडताळता येते. दृश्यतेचा आकडा दिला, की तसे धुके त्या गावी वर्षातून किती दिवस पडते, हे विचारता येते. वाक्यात जे कार्य क्रियापदाचे रूप करते, ते चित्राच्या बाबतीत या पाच नोंदी करू शकतील, आणि ‘आहे’ असे भासणारे चित्र ‘अमुक स्थितीत असे दिसेल’ या अर्थाने वाचता येईल.